गीता अर्जुनाला सांगितली, उत्तरेला नाही

आखातात राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारून बघा, "काय हो, मरणाची भीती वाटते का?" बहुतेक जण हसतील आणि म्हणतील, "मरायची नाही हो, इथे मरायची वाटते."

या 'इथे'त सगळं आलं. संयुक्त अरब अमिरातीत पस्तीस लाखांहून जास्त भारतीय राहतात, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात 'शेवटी परत जायचंय' हे गृहीत धरलेलं असतं. व्हिसा नोकरीला बांधलेला, घर भाड्याचं, म्हातारपण गावाकडे. या सगळ्या हिशेबात मरण कुठे बसतच नाही. आणि म्हणूनच की काय, इथे मृत्युभयावरच्या प्रवचनांना प्रचंड गर्दी असते. हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये 'मृत्युभयावर विजय' शिबिर, शनिवारचा सत्संग, गीतेचं सामूहिक पठण, आणि वर सकाळ-संध्याकाळ व्हॉट्सॲपवर श्लोकांचा रतीब. विषय एकच: आत्मा अमर आहे, घाबरू नका.

माझं भांडण आत्म्याशी नाही. तो अमर असेल तर आनंदच आहे. माझं भांडण आहे ते हे वाक्य कोण, कोणाला, कधी ऐकवतो याच्याशी.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीतला एक जण गेला. नाव-गाव सांगत नाही, सांगलीकडचा होता, एसी दुरुस्तीचं काम करायचा. चाळिशीसुद्धा आली नव्हती. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. दुपारपर्यंत ग्रुपवर जुनी वस्त्रं टाकून नवी नेसण्याचे दाखले, हात जोडलेल्या चित्रांसकट, पन्नासेक तरी येऊन पडले. संध्याकाळी गावाकडून त्याच्या बायकोचा फोन आला. तिने दोनच प्रश्न विचारले. "भावजी, त्यांना कधी आणणार?" आणि जरा थांबून, "त्यांचा राहिलेला पगार कुणाला मिळतो?" ग्रुपवरच्या पन्नास लोकांपैकी एकालाही दोन्हींतल्या एकाचं धड उत्तर देता आलं नाही. त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स कुठे आहे हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं. आत्मा कुठे जातो ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं!

आता कोणी म्हणेल, अरे, ते बिचारे सांत्वन करत होते. मान्य. पण मग गीतेचाच आधार घेऊन बोलू. गीता सांगितली कोणाला? अर्जुनाला. अर्जुन मरणाला घाबरला होता का? अजिबात नाही. पहिल्या अध्यायात तो उलट म्हणतो की मी शस्त्र खाली ठेवतो, कौरवांनी मला मारलं तरी बरं. त्याची अडचण मरण्याची नव्हती, मारण्याची होती, आणि तेही आपल्याच माणसांना. म्हणजे 'आत्मा मरत नाही' हा युक्तिवाद ज्याला केला तो स्वतः जीव द्यायला तयार असलेला, रथात उभा असलेला, कर्तव्य समोर दिसत असलेला क्षत्रिय आहे. तो युक्तिवाद आपण उचलतो आणि तिकडे सांगलीत दोन पोरं घेऊन बसलेल्या बाईच्या अंगावर टाकतो.

बरं, ज्याला गीता प्रत्यक्ष भगवंताच्या तोंडून ऐकायला मिळाली त्याचं पुढे काय झालं? युद्धाच्या पहिल्या दिवशी अठरा अध्याय ऐकलेला हाच अर्जुन तेराव्या दिवशी अभिमन्यू पडल्यावर कोसळला. उद्या सूर्य मावळायच्या आत जयद्रथाला मारलं नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी प्रतिज्ञा करून बसला. कृष्णाने तेव्हा "अरे, तुला सांगितलं होतं ना?" असं म्हणत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली नाही. त्याने त्याला धीर दिला आणि दुसऱ्या दिवशी रथ हाकला. आणि युद्ध संपल्यावर तर अर्जुन सरळ कबूल करतो की देवा, तू तेव्हा जे सांगितलंस ते मी विसरलो, पुन्हा सांग. कृष्ण चिडतो, आता ते तसंच्या तसं सांगणं जमणार नाही म्हणतो, आणि मग अनुगीता सांगतो. आश्वमेधिक पर्वात आहे, कोणीही काढून बघावं. साक्षात अर्जुन विसरला तिथे आमच्या अल क़ुसैसच्या बँक्वेट हॉलमध्ये दोन तासांत मृत्युभय जाणार!

आणि उत्तरा? अभिमन्यूची विधवा, पोटुशी. तिच्यासाठी कृष्णाने काय केलं ते आठवतंय का? अश्वत्थाम्याच्या अस्त्रातून तिचं मूल वाचवलं. ज्ञानयोग अर्जुनाला, आणि उत्तरेला तिचं मूल जिवंत. हा फरक कृष्णाला कळत होता. आपल्याला कळत नाही.

हे एकाच जागी असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण मृत्यूवर बोलणारी आपली मोठी पुस्तकं उघडली की पुन्हा पुन्हा हेच दिसतं: आधी मागे राहणाऱ्यांची सोय, मग ब्रह्मज्ञान. याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद घ्या. अमरत्वावरची आपल्याकडची बहुधा सर्वात गाजलेली चर्चा. ती सुरू कशी होते? याज्ञवल्क्य घर सोडून निघालाय आणि म्हणतो, मैत्रेयी, तुझ्यात आणि कात्यायनीत वाटणी करून टाकतो. म्हणजे चक्क वाटणीपत्र! मैत्रेयी त्यावर विचारते की या धनाने मी अमर होईन का, आणि तिथून पुढे तत्त्वज्ञान. प्रवचनांत मैत्रेयीचा प्रश्न सगळे सांगतात, त्याच्या आधीचं ते वाटणीचं वाक्य कोणी सांगत नाही. कात्यायनीला तर सगळे विसरतात. तिने अमरत्व मागितलं नव्हतं, पण तिची सोय याज्ञवल्क्य विसरला नव्हता.

परीक्षिताचंही तेच. हा त्याच उत्तरेचा मुलगा. सात दिवसांनी तक्षक चावून मरणार हे त्याला पक्कं कळलं. मृत्युभयावर औषध म्हणून आपण ज्याचे सप्ताह लावतो ते भागवत या माणसाने ऐकलं. पण गंगेकाठी ऐकायला बसण्यापूर्वी त्याने राज्याचा भार मुलाच्या, जनमेजयाच्या, खांद्यावर दिला होता. सप्ताहाआधी वारसनोंद!

आणि नचिकेता. माझा सगळ्यात लाडका, कारण तो परदेशी गेलेला मुलगा आहे. बाप रागाच्या भरात "जा, तुला यमाला दिला" म्हणतो आणि पोरगं खरंच निघतं. तिथे पोचल्यावर यजमान घरी नाहीत, तीन रात्री उपाशी दारात. (ज्यांनी पहिल्यांदा इथे उतरल्यावर कंपनीच्या पीआरओची वाट बघितली आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.) यम परत येतो, शरमतो आणि तीन रात्रींचे तीन वर देतो. तिसरा वर सगळ्यांना पाठ: मेल्यानंतर माणूस असतो की नसतो? यम हा प्रश्न टाळण्यासाठी शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं, हत्ती, घोडे, सोनं, जमीन, रथांसकट सुंदर स्त्रिया, असं सगळं पुढे करतो. हत्ती वगळले तर ही यादी गल्फच्या एजंटच्या जाहिरातीसारखीच वाटते. नचिकेता नाही म्हणतो. म्हणून तो मोठा.

पण पहिला वर? पहिल्या वरात तो म्हणतो, माझ्या वडिलांचा जीव शांत होऊ दे, त्यांचा राग जाऊ दे, मी परत गेलो की त्यांनी मला ओळखू दे. आणि यम सांगतो, तुझा बाप आता रात्री सुखाने झोपेल. साक्षात मृत्यूच्या दारात उभा राहून या पोराने पहिली गोष्ट मागितली ती घरच्यांची झोप. आत्म्याचा नंबर तिसरा लागला. आमच्या शिबिरांत मात्र पहिला वर गाळून थेट तिसऱ्यावर उडी.

आपल्या महाराष्ट्रातलं याचं उदाहरण तर असं आहे की ते इथे प्रत्येकाच्या खोलीत भिंतीवर लावावं. लोकमान्य टिळक. १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढलं, ते १९१५ साली छापून आलं. त्या काळात गीता इतकी पचवलेला दुसरा मराठी माणूस दाखवा. आणि ते लिहून झाल्यावर, १९१२ च्या जूनमध्ये, पुण्याहून तार गेली: सत्यभामाबाई वारल्या. टिळकांनी भाचे धोंडोपंत विद्वांसांना जे पत्र लिहिलं त्यात काय आहे? आत्म्याचं अमरत्व? नाही. सरळ कबुली आहे की एरवी संकटं शांतपणे सोसायची सवय असली तरी या धक्क्याने मी हललो. सर्वात जास्त कशाचं दुःख झालं, तर अशा वेळी आपण जवळ नव्हतो याचं. आणि मग बायकोच्या अस्थी तिच्या इच्छेप्रमाणे पोचवा, मुलींनी मुलांजवळ राहावं, मुलांच्या अभ्यासाकडे नीट लक्ष द्या, अशा सूचना. गीतेवर एवढा मोठा ग्रंथ लिहिलेल्या माणसाचं हे पत्र आहे. प्लेगात १९०३ साली थोरला मुलगा विश्वनाथ गेला तो घावही या माणसाने सोसलेला होता.

मला विचाराल तर ते पत्र म्हणजे गीतारहस्याचं प्रात्यक्षिक आहे. टिळकांचं म्हणणंच होतं की गीता संन्यास सांगत नाही, कर्म सांगते. तुरुंगातून करण्यासारखं जे कर्म उरलं होतं ते त्यांनी त्या पत्रात केलं.

आता अमिरातीत हे कर्म काय असतं ते जरा तपशिलात सांगतो, कारण गावाकडच्या वाचकांना याची कल्पना नसते आणि इथल्यांना ती असूनही नको असते.

दुबईत मुहैसना नावाचा भाग आहे, लोक त्याला सोनापूर म्हणतात. हजारो कामगारांच्या वसाहती तिथे आहेत. हिंदीत या नावाचा अर्थ सोन्याचं गाव असा काहीतरी गोड लावतात. पण मुंबईच्या जुन्या माणसाला सोनापूर म्हटलं की मरीन लाइन्सचं स्मशान आठवतं! नाव कोणी ठेवलं देव जाणे, पण दुबईत गेलेल्या परदेशी माणसाचा देह विमानात चढवण्यापूर्वी रसायन भरून टिकवायचं सरकारी केंद्रही याच सोनापुरात आहे. आधी मृत्यूचा दाखला, पोलिसांचं पत्र, मग भारतीय वकिलातीत नोंद, पासपोर्ट रद्द, वकिलातीचं ना-हरकत पत्र, मग हे केंद्र, मग विमानाचं कार्गो. इथेच दहन करायचं तर जेबेल अलीला हिंदू स्मशान आहे, त्यालाही 'न्यू सोनापूर'च म्हणतात. पण त्यासाठीही गावाकडून वारसांची लेखी संमती आणि वकिलातीचं पत्र लागतंच.

कार्गोचं सांगायचं तर २०१९ च्या जानेवारीपर्यंत एअर इंडिया इथून मृतदेह नेताना किलोवर भाडं घ्यायची. पेटी काट्यावर ठेवायची, वजन करायचं, पावती फाडायची. लोकांनी वर्षानुवर्षं ओरड केल्यावर सरसकट दर झाला, मोठ्या माणसाला १५०० दिरहम. आत्म्याला वजन नसतं हे आपल्याला शिकवायला हजार जण आहेत. देहाचं वजन करू नका म्हणून भांडायला मात्र पुढे होते ते केरळचे अश्रफ थामरश्शेरींसारखे लोक. अजमानमध्ये राहणारा हा माणूस कित्येक वर्षं सगळ्या धर्मांच्या, सगळ्या देशांच्या मृतांना घरी पोचवण्याची कागदपत्रं फुकट करतोय. २०१५ साली प्रवासी भारतीय सन्मान मिळाला. गेलेला माणूस गीता वाचत होता की कुराण, हे ते विचारत नाहीत.

आणि २०२० चा एप्रिल विसरू नका. कोविडमुळे विमानं बंद, कशीबशी मालवाहू विमानाने अबुधाबीहून तीन भारतीयांचे देह दिल्लीला पोचले आणि तिथून, नियमांच्या घोळात, त्याच विमानाने परत अबुधाबीला पाठवले गेले. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर पुढची हालचाल झाली. 'इथे मरायची' भीती म्हणजे काय, ते त्या तीन घरांना विचारा.

ही भीती तत्त्वज्ञानाने जाणारी नाही, कारण ती खोटी भीती नाही. ती साधी आणि खरी अडचण आहे, आणि अडचणीला उपाय असतो. बँकेला मृत्यू कळला की खातं गोठतं, जोडखातंसुद्धा बहुधा सुटत नाही. २०१५ पासून दुबईत बिगर-मुस्लिमांना मृत्युपत्र नोंदवायची सोय आहे, त्यात लहान मुलांचे पालक कोण हेही लिहिता येतं. फेब्रुवारी २०२३ पासून बिगर-मुस्लिमांसाठी केंद्रीय कायदाही आहे. मृत्युपत्र नसेल तर निम्मं जोडीदाराला, निम्मं मुलांना. आपल्याकडून ईसीआर पासपोर्टवर कामाला येणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे, दोन वर्षांचे २७५ रुपये अधिक कर, अपघाती मृत्यूला दहा लाख. पण 'अपघाती' हा शब्द नीट वाचा. झोपेत हृदय थांबलं तर हे दहा लाख नाहीत. ही फट बुजवायला २०२४ साली भारतीय वकिलातीच्या पुढाकाराने कामगारांसाठी विमा योजना आली. नैसर्गिक मृत्यूही त्यात धरलाय, वर्षाचा हप्ता शंभर दिरहमच्या आत, भरपाई ७५ हजार दिरहमपर्यंत. म्हणजे एका शिबिराच्या प्रवेशफीपेक्षा कमी! सत्संगात याची घोषणा कधी ऐकलीत? मी तरी नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. विमा, मृत्युपत्र, सगळं असलेल्या माणसालाही रात्री दोन वाजता मरणाची भीती वाटतेच की. तिचं काय? बरोबर आहे. ती भीती वेगळी, आणि तिथे ग्रंथाची ताकद मी मानतो. हे सगळं मेंदूतली रसायनं आहेत असं म्हणणारे माझे प्रयोगशाळेतले मित्र मला पटत नाहीत. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी गेले ते टिळकांकडून मिळालेली गीता हातात घेऊन. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली (साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून आपल्याला मिळाली) आणि १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये, हृदयविकाराचा झटका आल्यावर, पवनारला अन्न आणि औषध सोडून शांतपणे गेले. मधली पन्नास वर्षं भूदानासाठी पायपीट आणि सूत. ज्याची त्याची गीता त्याच्या जगण्यातून कमावलेली होती, फॉरवर्ड केलेली नव्हती.

पण इथेही डोळे उघडे ठेवा. विनोबा गेले १५ नोव्हेंबरला. १९४९ च्या १५ नोव्हेंबरलाच अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम गोडसेला फाशी झाली, आणि गीता त्याच्याही हातात होती. एक गांधींचा शिष्य, एक गांधींचा खुनी, तारीख एक, पुस्तक एक. तेव्हा 'गीतेने माणूस मरणाला भीत नाही' हे खरं असलं तरी तेवढ्याने तो माणूस शहाणा, किंवा चांगला, ठरत नाही. निर्भयतेचं मार्केटिंग करणाऱ्यांनी हे एकदा तरी सांगायला हवं. सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत 'अभय' पहिलं आहे हे ते नेहमी सांगतात. त्याच यादीत अहिंसा, सत्य, दया आणि दानही आहे, तिथपर्यंत बहुधा वेळ संपलेली असते.

सांगलीच्या त्या घराचं म्हणाल तर देह सहाव्या दिवशी पोचला. पगाराची बाकी मिळायला मात्र बरेच महिने गेले. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या तशाच असतात असंही नाही. विमा नव्हता. ग्रुपवर वर्गणी काढली, ती बरी जमली; श्लोक पाठवणाऱ्यांनीच दिली, हेही सांगितलं पाहिजे. माणसं वाईट नाहीत हो, फक्त क्रम उलटा झालाय.

तर सत्संगवाल्या मंडळींना एक विनंती. शनिवारी पठणाआधी अर्धा तास हॉल रिकामाच असतो, लोक चहा पीत उभे असतात. त्या अर्ध्या तासात एक टेबल मला द्या. पासपोर्ट, व्हिसा, विमा, वारस, गावाकडचा फोन नंबर, दहन इथे की तिथे, एवढं एका पानावर लिहून घेऊ आणि त्याची प्रत घरी पाठवू. मृत्युपत्राचं काय करायचं ते समजावणारा एक वकील मित्र यायला तयार आहे, फुकट. प्रिंटर माझा.